ओलीस दिलेल्या बनोनाला

प्रिय बनोना,

पत्राला तीन वर्षं लागली, रागावू नकोस. अक्षर वाकडं आहे. कुणाकडून लिहून घेतलं असतं, पण यातलं काहीच दुसऱ्याला सांगण्याजोगं नाही.

तुझी करडी घोडी रोमन घेऊन गेले. नदीच्या उतारावर तुला त्यांच्या हवाली केलं, तेव्हा तू रडली नाहीस. उलट मलाच दरडावलंस, "बाबा, हिला रोज फिरवा हं, नाहीतर तुमच्यासारखी ढेरपोटी होईल!" सगळे हसले, त्यांचा अंमलदारसुद्धा. तह टिकावा म्हणून चाळीस पोरं ओलीस दिली आपण. "दोन हिवाळ्यांचा तर प्रश्न," असं आपला सरदार अदनामत म्हणाला होता. मीही तुला तेच सांगितलं.

पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या फौजेनं आपलं धान्य नेलं, दुसऱ्या हिवाळ्यात बियाण्याचा सातूही. तुझी आई गेल्यावर जिनं तुला कुशीत घेऊन वाढवलं, ती मातुगेना आजी ओकची फळं दळून भाकरी थापायची. कडू लागायची, पण पोट भरायचं. बर्फ वितळल्यावर सभा भरली. अदनामत म्हणाला, "आता बंडच. मान्य असेल त्यानं ढालीवर भाला वाजवावा." मागून कुणीतरी विचारलं, "आणि पोरांचं काय?" "पोरांवर कोण हात उचलेल?" तो म्हणाला. उचलतात, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. भाले वाजू लागले. माझ्या डावीकडच्याचा मुलगा तुमच्यातच होता, त्यानंही वाजवला. मी थांबलो. लोक वळून बघायला लागले, बनोना. मग मीही वाजवला.

घरी आलो, तर आजी दारातच उभी. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाली. नंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

एका उन्हाळ्यात हरलो आपण. अदनामत आता रोमनांसारखा मिशा काढतो, त्यांच्यासाठी घरोघरचं धान्य गोळा करतो. भेटला की म्हणतो, "झालं गेलं सोडा हो, लितुमार." लोक बाजूला होऊन त्याला वाट देतात. मीही देतो.

परवा आजी गेली. आज दुपारी तिची चिता पेटेल. बंडाची बातमी पोचली त्याच दिवशी तुम्हा चाळीसही जणांना छावणीमागं मारलं, एवढंच कळलं. कुठं पुरलं ते कुणी सांगितलं नाही. तुझी चिता रचायला माझ्या हाती काही आलंच नाही. चितेत टाकलेलं पत्र मेलेल्या माणसाबरोबर पलीकडे पोचतं, म्हणतात. म्हणून आजीबरोबर हे पाठवतोय. क्षमा मागायला बसलो होतो. पण उद्या पुन्हा सभा भरली, लोक पुन्हा वळून बघायला लागले, तर मी काय करीन, हे मला अजूनही सांगता येत नाही. ते तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिलं.

तुझाच बाप,
लितुमार