चांदीच्या वाडग्यात आठवडाभर

सोमवार, ७ ऑक्टोबर १९०७

मालकांनी आज नवं खूळ काढलं! प्रत्येक कारागिराने आपल्या हातचं एक भांडं घरी न्यायचं, शनिवारपर्यंत त्यात जेवायचं, आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं – कसं वाटलं. (त्यांना मालक म्हटलेलं आवडत नाही. कारागिरांच्या या संघात सगळे बंधू, म्हणतात. एवढ्या मोठ्या घरच्या माणसाला बंधू म्हणायला माझी जीभ वळत नाही.)

मला मिळाला लापशीचा वाडगा, दोन कानांचा, आणि त्याचा चमचा. डॉक्टर प्रॉथेरोंच्या नातीसाठी मीच घडवलेला. पोर आत्ता कुठे बसायला लागली आहे. पुढच्या आठवड्यात वाडगा तिच्याकडे जायचा.

शेजारच्या ऐरणीवरचा सेप डाऊड म्हणाला, ही परीक्षा आहे. मागण्या आटल्यात, ज्याच्या भांड्यात खोट निघेल त्याची ऐरण उचलणार. सेपला सगळं आधी कळतं. बहुतेक वेळा चुकीचं कळतं, तरी मी वाडगा दहादा फिरवून खोट शोधली.

वाडगा कोटाच्या आत पोटाशी धरून घरी आलो. पाववाल्याची बायको रस्त्यात विचारते, कितवा महिना?

मंगळवार, ८ ऑक्टोबर

लंडन सोडून या खेड्यात आणल्यापासून माझी बायको केझाया माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलते. काल तोंडाने बोलली. वाडगा खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला.

"ठोके दिसतायत सगळे. घाईत केलास?"

मी समजावलं – हल्ली हातोडीचे ठोके दिसायलाच हवेत, माणसाच्या हाताची खूण म्हणून. लंडनला ते दिसू नयेत म्हणून चाळीस वर्षं घासलं. इथे घासलं की मालक हळहळतात.

"म्हणजे काम अर्धवट आणि मजुरी पुरी. बरी नोकरी आहे."

आज दुपारी जेवताना चोख उत्तर सुचलं, तोवर ती शेजारी गेली होती.

काल रात्री चोरांच्या भीतीने वाडगा पिठाच्या डब्यात लपवला. मग वाटलं, चोर पहिला तिथेच बघेल. मग बुटात. सकाळी पाय घातला तेव्हा आठवलं. माझी बोटं चेपली, वाडगा शाबूत. काम मजबूत आहे म्हणायचं!

बुधवार, ९ ऑक्टोबर

भाजलो.

केझायाने वाफाळती लापशी ओतली. मी ऐटीत दोन्ही कान धरून वाडगा उचलला – आणि तसाच आदळला. बोटं लाल. मग चमचा तोंडात घातला, तर ओठही भाजला. सगळ्या धातूंत चांदी लवकर तापते, हे मला झोपेत विचारा, सांगेन. जन्मभर तापवत आलोय! पण भट्टीतली चांदी आणि जेवणाच्या टेबलावरची चांदी एकच, हे कधी डोक्यात आलं नाही. टेबलावर गेली की ती साहेब होते आणि असले धंदे सोडते, असं वाटत असावं मला.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज अंडं खाल्लं. अंड्याने चांदीचा चमचा काळा पडला. मी खडूची पूड घेऊन घासत बसलो, तर केझाया हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली. या गावात आल्यापासून पहिल्यांदा. मला बरं वाटलं. मग चमच्याकडे लक्ष गेलं आणि बरं वाटायचं थांबलं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

ठरवलं. 'उत्तम' म्हणायचं आणि खाली बसायचं. या वयात मला दुसरं कोण ठेवून घेणार? ऐरण गेली तर संघाचं हे घरही जाईल.

केझायाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. वर न बघता म्हणाली, "लहान मुलं कानच धरतात, एनॉक."

आणि पुढचा बटाटा उचलला. आणखी बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सगळ्यांची भांडी उत्तम निघाली. सेपने तर आपल्या मिरपुडीच्या डबीवर प्रवचनच दिलं. माझी पाळी आली. म्हटलं, छान आहे. मालक म्हणाले, ते ठीक, पण खाताना कसं वाटलं? म्हटलं, छान. ते बघतच राहिले – आजाऱ्याकडे बघतात तसे. पुन्हा तोच प्रश्न! सापळा तो हाच, मला कळलं. तिसऱ्यांदा छान म्हणालो.

वाडगा मऊ कापडात गुंडाळून ते निघाले. मी बसून राहायला हवं होतं. पाय उठले. अंगणात त्यांना गाठलं.

"भाजतं, मालक. कान धरवत नाहीत. घडवलाय मीच. पण तसाच त्या पोरीकडे देऊ नका."

त्यांनी कापड सोडून वाडगा पाहिला. "मग काय करायचं, मिस्टर टिलर?"

"कानांना वेताची साल गुंडाळतो. किटलीच्या दांडीला गुंडाळतो तशी. चमचा शिंगाचा द्या."

"करा."

एवढंच! ना राग, ना काही. म्हणजे ठरलेलंच दिसतंय.

रविवार, १३ ऑक्टोबर

चर्चमध्ये मालक माझ्याकडे बघून हसले. गेली ऐरण.

सोमवार, १४ ऑक्टोबर

वेत गुंडाळला. उकळतं पाणी ओतून कान धरून बसलो. सेप म्हणाला, याला निरोप देतोयस का? त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. हात भाजले नाहीत. संध्याकाळी वाडगा डॉक्टरांकडे गेला. केझायाने मला सफरचंदाच्या पाईचा मोठा तुकडा वाढला.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. नाताळला संघ बंद. सगळ्यांच्याच ऐरणी जाणार. उन्हाळ्यातच ठरलं होतं म्हणे, सांगायचा धीर होत नव्हता. परीक्षा वगैरे काही नव्हतीच. "जन्मभर दुसऱ्यांच्या टेबलासाठी घडवलंत. एकदा तरी आपल्या हातच्या भांड्यात जेवावंत, एवढंच मनात होतं."

घरी येऊन केझायाला विचारलं, लापशी कशी लागत होती गं? मला काही केल्या आठवेना.

"अळणी," ती म्हणाली. "मीठ चांदीला खातं, घालू नकोस, असं पहिल्याच दिवशी तू ओरडलास. आठवडाभर घातलं नाही मी. तुला कळलंच नाही?"