कुंट्यावरची बंदी आणि तुमची बहीण

श्री. केशवराव यांस,

काचीगुड्याहून हणमंतरावाचा नमस्कार पोचावा. तुमची कंबर आता कशी आहे? इंदुताईंचा खोकला थांबला का? विचारतोय मनापासून, पण उत्तराची वाट बघण्याइतका धीर आज नाही, कारण माझं डोकं फिरलंय. भामा नांदेडला तुमच्याकडे येऊन बसली आहे, म्हणजे तिची बाजू तुम्ही ऐकली असणारच. आता तुमच्या दाजींचीही ऐका.

दिलसुखनगरच्या मागे सरकारी कुंटा आहे, म्हणजे तुमच्या भाषेत तळं (मागे आला होतात तेव्हा त्यातलीच मरळ खाल्लीत आणि मागून घेतलीत). रेल्वेत होतो तेव्हापासून दर रविवारी मी तिथे गळ टाकून बसतो. शेजारी सत्तारभाई टेलर बसतात. आम्ही फारसं बोलत नाही, म्हणून मैत्री टिकली. पण ही नवी आर्थिक हवा सुटल्यापासून काठावर कॉलनी उभी राहिली. गच्चीवर डिश, दारात मारुती, आणि खिडकीतून आमची बनियनं दिसतात हे त्यांना खपत नाही. त्यांच्याच कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी छऱ्याच्या बंदुकीने पाणकोंबड्या मारल्या. त्यावर कॉलनीचे सेक्रेटरी, किशोर नावाचे गृहस्थ, यांनी सभा बोलावली आणि ठराव काय मांडला? शिकार बंद आणि मासेमारीही बंद! बंदूक त्यांच्या पोरांची आणि गळ जायचा माझा!

त्या सभेला एक सरकारी साहेब आले होते, सगळ्यांचं मत ऐकायला. मी उठून सांगितलं, की जमीन सरकारी, पाणी सरकारी, म्हणजे ते आमचंही आहे. आणि काठावर जाळ्यावर जगणारी माणसं राहतात, ती काय पाव खाऊन बदकं बघत बसणार? लोक माना डोलवत होते. (खरंच डोलवत होते, सत्तारभाईंना विचारा.) तेवढ्यात तुमची बहीण उठली. आणि बोलली ती तेलुगूत, खणखणीत! पिल्लं पाण्यावर तडफडताना तिने पाहिली होती, ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "त्या पाण्याजवळ कुणाच्या हातात काही नको. बंदूक नको, गळही नको." टाळ्या पडल्या. साहेबांनी पाठिंबा विचारला तेव्हा पहिला हात तिचाच वर.

बंदुका बंद व्हाव्यात हे मलाही मान्य होतं हो! पण माझा संताप झाला आणि मी भर सभेत ओरडलो, "या बाईंना मी ओळखत नाही." सगळे हसले. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती तुमच्याकडे निघून आली.

आता पुढचं ऐका, हे तिलाही ठाऊक नाही. बंदीचा फलक लागला, जाळीवाल्यांना हुसकावलं आणि लगेच शेजारी दुसरा फलक उभा राहिला: 'कॉलनी अँगलिंग क्लब, फक्त सभासदांसाठी.' काल स्वतः किशोरसाहेब टोपी घालून, खुर्ची टाकून, परदेशी गळ घेऊन बसले होते! सत्तारभाई म्हणाले, "क्या साब, मछली उनके हाथ से मरी तो मरी नहीं क्या?" मी भांडायला गेलो तर वॉचमनने मला हात धरून बाहेर काढलं. रेल्वेत इतकी वर्षं काढली, पण असा हात कुणी धरला नव्हता.

घरी आल्यावर हे ओरडून सांगायला कुणी नव्हतं.

आपला,
हणमंतराव

ता. क. हे पत्र भामाला वाचून दाखवू नका.

ता. क. दुसरा: दाखवलंच, तर माझ्या ओरडण्याची ओळ गाळू नका. ती तिला तोंडपाठ असणार. त्या ओळीपुढे एवढंच घाला, की चूक झाली.

ता. क. तिसरा: रविवारी ते सरकारी साहेब पुन्हा सभा घेताहेत. जाळीवाल्यांच्या बाजूने तेलुगूत बोलणारं कुणी नाही आणि माझं तेलुगू ऐकून साहेब चहा मागवतात. तिला घेऊन या. गळाच्या विरोधात बोलायचं असेल तर खुशाल बोलू दे. फक्त सभा संपल्यावर तिने घरी यावं.