पत्र्याच्या खोक्यातली खुर्ची

प्लम फोर्क, नेब्रास्का
शनिवार सकाळ, ऑक्टोबर

आदरणीय ल्युसिलताई,

टोपी काढून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मांजर अजून पियानोवर चढून बसतं का? आणि ती शिकायला येणारी मुलं, जी तुमच्या मते पियानो वाजवत नाहीत, बडवतात, ती सुधारली की तुम्हीच नमतं घेतलंत? (दुसरी शक्यता मला कमी वाटते.) मी ठीक आहे. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो, दाढी करतो. एखाद्या दिवशी यातलं एखादं राहतं. मार्चमध्ये रोझेलाला निरोप देऊन तुम्ही लिंकनला परत गेलात, त्यानंतर मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याची मला लाज वाटते. आजही लिहिलं नसतं, पण तुम्ही त्या दिवशी भाजलेले बटाटे ज्यातून आणले होतेत ते निळ्या झाकणाचं भांडं अजून माझ्या फडताळात आहे, आणि ते तुमच्या आईचं असल्याचं तुम्ही मला चार वेळा बजावलं होतंत. तर पत्राचं कारण एवढंच, भांडं.

आता कागद काढलाच आहे तर इकडची खबर. पुढच्या सोमवारी, म्हणजे आजपासून नवव्या दिवशी, मला शाळेच्या मंडळाला उत्तर द्यायचं आहे की पुढच्या वर्षी मी फुटबॉलचा कोच राहणार की नाही. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं. ('अर्लो, दमला असशील ना रे तू?' माणसाला काढायचं ठरलं की त्याच्या तब्येतीची काळजी सुरू होते.) गावात अकरा जणांचा संघ होईल एवढी मुलं कधीच नव्हती, म्हणून आम्ही सहाजणांचा खेळ खेळतो, आणि यंदा सगळी मिळून नऊ आहेत. या खेळात एक दयाळू नियम आहे: मध्यंतरापासून पुढं कोणी पंचेचाळीस गुणांनी मागे पडलं की पंच शिट्टी फुंकून सगळ्यांना घरी पाठवतात. पहिल्या चारही सामन्यांत आमच्यावर ही दया झाली. तिसऱ्या वेळी तर मध्यंतराला वाजवणाऱ्या बँडची पोरं वाद्यं पेट्यांत भरत होती आणि आमचा संघ त्यांच्याआधी बसमध्ये जाऊन बसला होता.

तुम्ही म्हणाल, एवढं हरतोस तर करतोस काय? डावपेच करतो, ताई. या उन्हाळ्यात मी दुसरं काही केलंच नाही. घरात आवाज नव्हता, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मक्याचे दाणे आणि राजमा मांडून (मका आम्ही, राजमा ते) मी जुने सगळे डाव मोडीत काढले आणि नवे बसवले. पांगून उभं राहायचं आणि एकदम गोळा व्हायचं, उजवीकडं धावायचं सोंग करून डावीकडं फेकायचं, फेकायचं सोंग करून हातात द्यायचं, आणि एक डाव असा की त्यात सगळेच सोंग करतात आणि चेंडू कुणाकडं आहे हे शेवटी आमच्यातही कुणाला ठाऊक नसतं. टेबलावर मका एकदाही हरला नाही. मैदानावर अडचण एवढीच की राजमा जागचा हलतो.

पण हरण्याचं खरं कारण डाव नाहीत, हे मला ठाऊक आहे. अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफीचा कप हातात धरून तुम्ही मला सगळ्यांदेखत म्हणालात, 'अर्लो, माझ्या बहिणीला तू तीस वर्षं पत्र्याच्या खोक्यात बसवलंस.' खोकं म्हणजे बाकांच्या मागं खांबांवर उभी असलेली आमची ती खोली, जिथून वरून सगळं मैदान दिसतं. तुमचा राग रास्त आहे, पण बसवलं मी नाही. पहिल्याच वर्षी ओरडून ओरडून माझा घसा बसला तेव्हा ती शाळेच्या भोजनघरातली एक खुर्ची उचलून आपणहून वर चढली, आणि दर शुक्रवारी चढत राहिली. एक हेडफोन तिच्या कानाला, एक माझ्या, ऐकणं-बोलणं दोन्ही त्यातूनच. तिला डावपेचातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती रोज दुपारी शाळेत पोरांना जेवण वाढायची, तिला पोरं कळायची, आपली आणि परकी दोन्ही. 'अर्लो, त्यांचा चार नंबर दमला की कमरेवर हात ठेवतो. आत्ता ठेवलाय बघ, जा त्याच्या अंगावरून.' 'तो उंच पोरगा दर खेपेला बाकांवरच्या कुठल्याशा मुलीकडं बघतोय, त्याच्या पाठीमागं फेका.' 'आपला गस आज धड जेवला नाहीये, बाहेर घे त्याला आणि केळं दे.' तीस वर्षांत मी जे सामने जिंकलो ते नुसते माझ्या नावावर लिहिले गेलेत.

यंदा माझा मदतनीस वेंडेल (शाळेत सुतारकाम शिकवतो, माणूस चांगला, पण कशावरही पटकन विश्वास ठेवतो) आपणहून म्हणाला, 'मी चढतो वर.' मी सांगितलं, वर गांधीलमाशा झाल्यात, आणि दाराला कुलूप घातलं. हे खोटं नाही. गांधीलमाशा आहेतच, पण त्या तीस वर्षं आहेत, आणि रोझेलाने त्यातल्या काहींना नावं दिली होती. आता जे सांगतो ते गावात कुणालाच ठाऊक नाही. घरच्या प्रत्येक सामन्याआधी मी एकटा वर जातो, तिच्या खुर्चीवरचा हेडफोन सुरू करून ठेवतो, आणि खाली येऊन माझा कानाला लावतो. वरचा वारा ऐकू येतो. पत्रा वाजतो. चौथ्या सामन्यात, अजून मध्यंतरही झालं नव्हतं आणि आम्ही बावन्न गुणांनी मागं होतो, तेव्हा मी सवयीनं मोठ्यानं विचारून बसलो, 'रोझेला, डाव्या बाजूला काय दिसतंय?' पोरं शेजारीच उभी होती. कुणी हसलं नाही, ताई. हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता कालच्या पाचव्या सामन्याचं. डाव ओरडून सांगितला तर समोरच्यांनाही कळतो, म्हणून पोरांच्या मनगटावर पट्टी असते, पट्टीला पारदर्शक कप्पा, आणि कप्प्यात तीस डावांची चिठ्ठी. मी बाजूला उभा राहून नुसता आकडा ओरडायचा, पोरांनी मनगट बघायचं. आकडे दर हंगामात बदलतात, नाहीतर शेजारची गावं पाठ करतात. चिठ्ठ्या रोझेला लिहायची, हातानं, इतक्या बारीक अक्षरात की तीस डाव लिहूनही जागा उरायची आणि तिथं ती 'ट्रेंट, ओठ चावू नकोस' असलं काहीबाही लिहायची. (ट्रेंट म्हणजे चेंडू फेकणारा आमचा पोरगा. चावतो खरा.) यंदाच्या मी टाईप करून घेतल्या. गुरुवारी बघतो तर पट्ट्यांचे कप्पे उसवलेले. गेल्या वर्षीच्या पट्ट्या आठवल्या, त्या तिच्या खणात होत्या, आणि प्रत्येकीत तिची चिठ्ठी तशीच होती. ती काढून माझी घालायची, एवढंच काम. दोनदा चिमटीत धरली, दोनदा सोडली. शेवटी माझी वर आणि तिची खाली, अशा दोन्ही ठेवून नऊ पट्ट्या पोरांना वाटून टाकल्या आणि कढई घासत बसलो, जी आधीच घासलेली होती.

समोर ग्रेस हिलचा संघ, गेल्या वर्षीचे विजेते. मी पहिलाच आकडा ओरडलो, अकरा, म्हणजे सगळ्यांनी उजवीकडं मुसंडी मारायची. सहाच्या सहा पोरं उजवीकडं दोन पावलं गेली, गर्रकन थांबली आणि ट्रेंटने चेंडू डावीकडं भिरकावला. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि गुण मिळाल्याचं बघून तसंच शाबासकीकडं वळवलं. पुढं तेच. मी एक मागायचं, पोरांनी दुसरंच करायचं, पण सहाही जणांनी तेच दुसरं करायचं, एवढी एकजूट मी त्यांच्यात जेवणाच्या रांगेतसुद्धा पाहिली नव्हती. ग्रेस हिलचा कोच आमच्या रचनांकडं बघून डोकं खाजवत होता. मीही खाजवत होतो, पण टोपीखालून. वेंडेल माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, 'काय डोकं चालवलंयस रे आज! सांगायचंस तरी!' मी म्हणालो, 'बघत राहा.' मला स्वतःलाही बघत राहण्यापलीकडं काही करता येत नव्हतं.

मध्यंतरानंतर मी एकोणीस म्हणालो, पोरं तिरकी धावली, आणि ती धाव मी ओळखली. गेल्या वर्षीचा एकोणीस. पोरं तिची चिठ्ठी वाचत होती. मला वाटलं, घालताना माझ्याच हातून खालची वर झाली असणार. त्या वेळी डोळे काही कोरडे नव्हते. पट्ट्या काढून घ्यायला हव्या होत्या. त्याऐवजी मी तिचे आकडे आठवायला लागलो, आणि ताई, ते मला आठवत होते. सहा, चौदा, सत्तावीस. मी आकडा ओरडायचो आणि तो तिच्या अक्षरात डोळ्यांसमोर यायचा. सात महिन्यांत पहिल्यांदा मला घाई वाटत नव्हती.

शेवटचे बारा सेकंद उरले तेव्हा ग्रेस हिल चव्वेचाळीस, आम्ही चाळीस, आणि जी ओलांडली की सहा गुण मिळतात ती रेषा अठरा यार्डांवर. मला एकच आकडा सुचला, तीस. तिसावा डाव दर वर्षी रोझेलाचा असायचा. एकोणतीस डाव माझे घ्यायचे आणि शेवटच्या ओळीत ती आपल्या मनचं काहीतरी लिहायची. तीस वर्षांत मी तो आकडा एकदाही ओरडलो नाही, आणि तिथं काय लिहिलंय हे तिला एकदाही विचारलं नाही. काल ओरडलो. पोरांनी मनगटं बघितली आणि सगळ्यांनी गसकडं बघितलं. गस म्हणजे मध्ये वाकून दर डावाला पायांमधून चेंडू मागं देणारा, अंगानं भरलेला, ज्याला चेंडू कुणी कधी परत दिलेला नाही. त्याने मागं दिला, दोन पावलं पुढं गेला, वळला, आणि ट्रेंटने तो त्याच्याच हातात फेकला. मग गस धावला. ग्रेस हिलची तीन पोरं त्याच्या अंगाला लोंबकळत होती आणि तो त्यांनाही घेऊन चालला होता. रेषेच्या एक वीत अलीकडं तो कोसळला आणि शिट्टी झाली.

हरलो. पण एकही माणूस बाकांवरून उठून गेला नव्हता. गस रडत आणि हसत माझ्याकडं आला, मी त्याचा हात धरून मनगट फिरवलं आणि शेवटची ओळ वाचली: '३०. गसला द्या. तो नेहमी देतोच.' म्हणाला, गेल्या वर्षी बाईंनी हा डाव जेवणाच्या टेबलावर मिठाच्या आणि मिरीच्या बाटल्या मांडून आम्हाला शिकवला होता, तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. मी तिथंच गवतात बसलो आणि रडलो. पोरं सगळी भोवती उभी राहिली, बाकांवरच्या लोकांना मी दिसू नये म्हणून.

तर अशी इकडची हकिकत. भांड्याचं काय करायचं ते कळवा. गुडघ्याला जपा, आणि मांजराला माझं नाव सांगून एकदा थोपटा.

तुमचा
अर्लो वेसेली

ता. क. हे पाकिटात घालत होतो तेवढ्यात ट्रेंट पट्ट्या परत द्यायला आला. मी त्याला माझ्या चुकीबद्दल सॉरी म्हणालो. तो ओठ चावत म्हणाला, 'सर, चूक नव्हती ती. कपडे बदलताना खाली बाईंची चिठ्ठी दिसली, मग आम्ही नऊही जणांनी तीच वर घेतली. तुमच्या वाईट नाहीत हां.'

ता. क. २. राजीनामा लिहून तयार आहे. टेबलावर राजम्याच्या बरणीखाली ठेवलाय. अक्षर चांगलं आलंय.

ता. क. ३. भांड्याचं मी खोटं बोललो. ते मे महिन्यातच माझ्या हातून फुटलं. चिकटवलंय, पण त्यात पातळ काही ठेवता येणार नाही. लिहायचं वेगळंच होतं. येत्या शुक्रवारी दुपारी दोनला आमचा घरचा सामना आहे. तुम्हाला हा खेळ कळत नाही आणि आवडत नाही, हे मला मान्य आहे. पण पोरगं कुठं चुकणार हे तुम्हाला सूर चुकायच्या आधी त्याच्या खांद्यांवरून कळतं, असं रोझेला नेहमी सांगायची, आणि पोरांकडं बघायला मी ताईकडूनच शिकले, असंही म्हणायची. वर चढायला तेरा पायऱ्या आहेत. तुमच्या गुडघ्यासाठी वेंडेल कठडा बसवतोय. (त्याला सांगितलं, गांधीलमाशा गेल्या. तुम्ही हात हलवू नका म्हणजे त्या काही करत नाहीत.) खुर्ची तीच आहे, गादी तिने शिवलेली. हेडफोन मी सुरू करून ठेवीन. काही सांगावंसं वाटलं तर सांगा, मला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर त्याही द्या. आणि काहीच सुचलं नाही तर नुसत्या बसा. खाली मला तुमचा श्वास ऐकू आला तरी पुरे. यंदा मी नुसता वारा ऐकतोय.