शेंदरी लिंक

४ फेब्रुवारी २००१, रविवार
संकल्प: महिनाभरात वेबसाइट पूर्ण. ईश्वरी अमेरिकेत, मी मांजरसुंब्यात. पोरीला घर रोज दिसलं पाहिजे. एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, मला हे काय अवघड! तीन पानं: आमचा कपिलधारचा धबधबा, माझी चित्रं आणि तिची आई नीलम्मा. तिला जाऊन दीड वर्ष झालं. मराठी अक्षरांचे तिकडे चौकोन होतात म्हणे, म्हणून सगळं इंग्रजीत.

७ फेब्रुवारी
जीपने बीडला, नाथाच्या नेट कॅफेत. नीलम्माचं पान त्यालाच चढवायला लावलं. माझा चष्मा धुरकट झाला होता.

१२ फेब्रुवारी
लिंक म्हणजे निळा रंग आणि खाली रेघ! हे ज्याने ठरवलं त्याला मी एलिमेंटरीतच नापास केलं असतं. स्टाइल शीट शिकलो. रंग एकदाच लिहायचा, सगळ्या पानांना लागतो. रेघ काढून टाकली. नाथा म्हणाला, सर, आता लिंक कंची आन् मजकूर कंचा, कायबी कळंना. अभिरुची शिकवता येत नाही.

१५ फेब्रुवारी
न उघडलेली लिंक हिरवी, उघडलेली शेंदरी. झकास. ईश्वरीला पत्ता मेल केला. कपिलधार आणि चित्रं एकेकदा उघडून तपासली. नीलम्माचं राहिलं, जीप सुटत होती.

१९ फेब्रुवारी, दुपारी ४
कपिलधार शेंदरी! चित्रं शेंदरी! पोरगी येऊन गेली! मेलला उत्तर नाही, पण आता उत्तर हवंय कुणाला? नीलम्मा तेवढी हिरवीच. आईचं पान उघडायचा धीर होत नसेल. हळवी आहे. माझ्यावर गेली नाही.

२२ फेब्रुवारी
नाथा म्हणतो, सर, ते तुमीच उघडलतं. ह्या मशीनवर जे उघडलं तेवढंच रंगतंय. अमेरिकेतलं हितं कावून दिसंल? माणूस चांगला आहे, पण कॅफे टाकला म्हणून सगळं कळतं असं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ईश्वरीचा फोन. मी लगेच सांगितलं, शेंदरी दिसला बरं का मला. ती म्हणाली, कसला शेंदरी अप्पा? मेल बघितलाय, साइट उघडायला वेळच झाला नाही, ऑफिसात लई काम हाय. मग विचारलं, वेळेवर जेवता ना? हो म्हणालो. काल मुरमुऱ्यांवर भागवलं, ते सांगण्यासारखं नव्हतं. फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं.

२६ फेब्रुवारी
नाथाचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असू शकेल. त्याला सांगायची गरज नाही.

१ मार्च
चष्मा घरूनच पुसून नेला. नीलम्माच्या लिंकवर माऊस नेला. दोनदा मागे घेतला. मग दाबला.

अंगणातला फोटो. हसतेय. किती वेळ ते रंग कालवताय, असं म्हणत होती तेव्हा. बराच वेळ बसलो. नाथाने चहा आणून ठेवला.

मागे आलो तर तिसरी लिंकही शेंदरी झालेली.

ईश्वरीला मेल केला: तिन्ही पानं बघितली गेली. साइटला प्रतिसाद उत्तम आहे. तू सवडीने बघ.