उतारावर गिअर सोडू नये

मी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा ट्रक चालवणे, हा कागद माझ्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कंबर नाही, पण सहीला कंबर लागत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. दोन खोल्यांचं राहतं घर माझ्या नातीला. थोरल्या दिरांना काहीही नाही. नवरा गेल्यावर मी स्टेअरिंग धरलं, तेव्हा ते म्हणाले होते, "घराण्याचं नाक कापलंस." त्याच ट्रकवर मी हे घर बांधलं आणि इथे जेवायला मात्र ते नाकासकट यायचे.

दोन. पान्यांची पेटी, जॅक, ताडपत्री आणि बँकेतली ठेव त्या तिघी ड्रायव्हर बायकांना. माझ्या मुलीच्या अपघातानंतर ट्रान्सपोर्टच्या मालकाने "आता बायका नकोत" म्हणून त्यांना घरी बसवलं. त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

तीन. हे कलम लिहायला मला नऊ वर्षं लागली. मुलगी माझ्या शेजारी बसून गाडी शिकली. उतार लागला की मी गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडायचे, डिझेल वाचावं म्हणून. तिने एकदा विचारलं, "आई, मग सगळा भार ब्रेकवर येतो ना?" मी म्हणाले, "मला शिकवतेस? गुपचूप बघ." तिने बघितलं आणि तसंच केलं. ट्रान्सपोर्टची भरलेली गाडी, लांब उतार, ब्रेक तापून निकामी झाले. मी मोडलेली केबिन पाहायला गेले, तर गिअरचा दांडा न्यूट्रलला होता. मी कोणाला बोलले नाही. लोक म्हणाले, बाईमाणूस, घाबरली असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर घरी बसून रडत राहिला. माझी लेक घाबरली नव्हती हो. तिने आईचं ऐकलं.

चार. ट्रक नातीला. तिच्याकडे परवाना आहे, पण तिचे वडील, म्हणजे माझे जावई, चालवू देत नाहीत. "आईसारखी मरशील," म्हणतात. पोरी, ज्या गिअरमध्ये चढ चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. मागचे हॉर्न वाजवून मेले तरी चालेल.

हे सारं मी पूर्ण शुद्धीत लिहून खाली सही केली आहे.

ठिकाण : माझं घर, खिडकीपाशी
दिनांक : सात मार्च
मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार एक : गॅरेजवाले मिस्त्री (सही)
साक्षीदार दोन : शेजारच्या शिक्षिकाबाई (सही)

तिसरी सही जावयांची हवी. कायद्याला ती लागत नाही, मला लागते. मी त्यांना बोलावलं आहे, ते जिना चढत आहेत. तिसरं कलम मी स्वतः त्यांना वाचून दाखवणार आहे, कारण मेल्यावर कबूल करणं फार सोपं असतं. त्यांनी सही केली नाही, तर ही जागा रिकामीच राहू द्यावी.

साक्षीदार तीन :