नसीमच्या मोटरीतलं तेल

सोम. ५ जाने.
कालची क्लबची मीटिंग डोक्यातून जात नाही. रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीतला ब्रशवाल्या मोटरींचा गट बंद करायचा म्हणे. चारच गाड्या उरल्यात, बाकी सगळे महागड्या, न उघडता येणाऱ्या ब्रशलेस मोटरींवर गेले. मी उठून बोलले, जरा जास्तच. ही मोटर उघडता येते, दुरुस्त करता येते, म्हणून कुणालाही हा खेळ खेळता येतो वगैरे. सेक्रेटरी काका शांतपणे : "ताई, दुरुस्त करता येते म्हणजे सारखी बिघडते." सगळे हसले. मग म्हणाले, रविवारी चारही गाड्यांनी शर्यत पूर्ण केली तर ठेवू.
नसीम खाली बघत होती. तिची गाडी मामेभावाने टाकून दिलेली, तिने स्वतः जोडून उभी केलेली. ब्रशलेस घेणं तिला शक्य नाही. गट गेला की नसीम गेली.
चारही मोटरींचं काम मी घेतलं.

बुध. ७
नवे ब्रश बसवले. आईने विचारलं, ब्रश कसले? म्हटलं, कार्बनचे छोटे ठोकळे, आतल्या तांब्याला घासत वीज पोचवतात. "घासणार म्हणजे झिजणार." ही काकांच्या बाजूची!
ब्रशना तांब्याची गोलाई यावी म्हणून एकेक मोटर पाण्यात बुडवून हळू फिरवली. पाणी पाटी धुतल्यासारखं काळं. आई : "अगं, बाबांचा प्यायचा ग्लास!"

गुरु. ८
मोटरी वाळवल्या. दोन्ही टोकांना तेल, एकेक थेंब. नसीमच्या मोटरीला दोन-दोन. तिची टिकायलाच हवी.
बाबा खडकीहून ड्यूटी करून आले. "आपल्या घरातली पहिली बी.एस्सी. मोटरींना अंघोळ घालते."

रवि. ११
तीन गाड्या पोचल्या. नसीमची वळणावर मंदावली, जळका वास, थांबली.
तिथेच उघडली. जादा तेल आत उतरलेलं, कार्बनच्या भुकटीत कालवून काळा चिखल. सगळ्यांसमोर म्हटलं, चूक मोटरीची नाही, माझी आहे, बाकींना एकेक थेंब, हिला दोन-दोन घातले.
काका : "मग बंद कुणाला करायचं? गटाला की तुम्हाला?"
पुढच्या रविवारी एकच संधी. फक्त नसीमची गाडी, पूर्ण शर्यत.

मंगळ. १३
नसीमचा फोन. "तेल लावलंस का मालिश केलीस गं?" हसले. ती नाही हसली.
"बाकीच्यांना एक थेंब, मला दोन. का? मी मागितलं होतं?"
मी म्हटलं, तुझी मोटर टिकावी म्हणून...
"माझीच का टिकणार नाही असं वाटलं?"
तेव्हापासून हेच. सगळ्यांना सारखी संधी म्हणून मीटिंगमध्ये भाषण ठोकलं, आणि घरी येऊन तिला मात्र...


शनि. १७
नसीम घरी आली. "आज तू बस."
चिखल तिनेच धुतला, तांबं पुसून लख्ख केलं, नवे ब्रश घातले. पाण्याला ग्लास मागितला तर आईने मोरीतून काढून दिला. त्याच्या बुडाला माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका. "हा मोटरींचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही."
तेल घालताना नसीमने थेंब सुईच्या टोकावर घेतला. इतका बारीक! "पुरे?"
अजून थोडं, असं अगदी तोंडात आलं होतं.
"तू बघ," म्हटलं.

रवि. १८, बसमध्ये
वारज्याच्या अलीकडे ट्रॅफिक. नसीम शेजारी, गाडीची पेटी मांडीवर. मघाशी तिने मोटर कानाशी धरून फिरवली, मान हलवली, पेटी बंद केली. मला ऐकवली नाही. मीही मागितली नाही.
हात रिकामे आहेत, म्हणून लिहितेय. बस अजून उभीच आहे.