मिसेस बेडोजची चिठ्ठी

सोमवार, ३ सप्टेंबर १९५६

मार्लफर्डला येऊन चार दिवस झाले नाहीत तो नोकरी लागली! त्रेसष्टाव्या वर्षी! लेक म्हणत होती, आई, आता बसून खा. मी म्हटलं, बसून खाल्लं की बूडच तेवढं वाढतं. एम्प्रेस थिएटर म्हणजे पूर्वीचं नाटकघर, आता तिथे सिनेमा लागतो. छताला प्लास्टरची नागडी बाळं, निम्म्यांची नाकं झडलेली. मला लाल गणवेश दिलाय. आधीची बाई काटकुळी असणार; मी श्वास घेतला नि बटण उडून तिसऱ्या रांगेत. बॅटरीच्या उजेडात लोकांना खुर्ची दाखवायची, मध्यंतरात गळ्यात ट्रे अडकवून आइस्क्रीम विकायचं. मॅनेजर लव्हलॉकसाहेब मिशीला मेण लावतात आणि बोलतातही तसंच गुळगुळीत. ही वही नातीने दिली. मी सुटी, छापील अक्षरं काढते. तेवढीच येतात. नवव्या वर्षी शाळा सुटली ती बटाटे वेचायला.

गुरुवार, ६ सप्टेंबर

इथला खेळ दीडला सुरू होतो तो थांबतच नाही. लोक कधीही येतात, मधूनच बघायला लागतात, आणि आपण आलो होतो ती जागा फिरून आली की उठून जातात. आधी पुडिंग नि मग मटण, पण पोट कुणाचं दुखत नाही. वरच्या खोलीत सिनेमाचं यंत्र चालवणारा ऑपरेटर विल्फ ट्रँटर लंगडा आहे, नि जिभेचा तिखट. विचारतो, काय म्हातारे, आज किती जणांना परक्याच्या मांडीवर बसवलंस? म्हटलं, तुझी रिकामी असती तर तिथेच बसवलं असतं. खूप हसला. डब्यातला अर्धा सॉसेज रोल मला दिला.

कुणाला घरून तातडीचं बोलावणं आलं की साहेब चिठ्ठी लिहितात. ती वर विल्फकडे न्यायची. तो नाव काचेवर लिहितो, ते पडद्याच्या डावीकडच्या भिंतीवर उजेडात उमटतं. पण साहेब दिवसभर चिठ्ठ्याच लिहितात, झाडूच्या, आइस्क्रीमच्या. त्यांचं अक्षर म्हणजे गुंतलेली लोकर. मला एक ओळ लागत नाही. सांगायची लाज वाटते. खिशात टाकते, घरी नात वाचून दाखवते.

गुरुवार, १३ सप्टेंबर

बाराव्या रांगेत सातव्या खुर्चीवर मिसेस बेडोज असते. पोराला शेजारणीकडे ठेवून येते, आठवड्यातली तिची तेवढीच मोकळी दुपार. आज विनोदी सिनेमा होता. आइस्क्रीम घेताना म्हणाली, गर्टी, माझ्या बरगड्या दुखायला लागल्या गं. तीन वाजता साहेबांनी एक चिठ्ठी हातात कोंबली, लगेच म्हणाले नि टेलिफोनकडे पळाले. झाडूलाही ते लगेचच म्हणतात. खिशात टाकली. नात आज मैत्रिणीकडे आहे, उद्या बघू.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

ती झाडूची नव्हती.

मिसेस बेडोजचा क्लाइव्ह, चार वर्षांचा. शेजारणीकडे कपडे उकळायचं भांडं अंगावर ओढून घेतलं. साडेचारला गेला. ती पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत हसत बसली होती, मी पाहिलंय. साहेबांनी विचारलं, चिठ्ठी विल्फला दिलीस ना? दिली, साहेब. माझ्या आधी माझं तोंड बोललं. विल्फ म्हणतो, मला मिळालीच नाही. पण विल्फ पितो, हे गावाला ठाऊक आहे. महिनाअखेर, शनिवारी, त्याला काढणार. चिठ्ठी माझ्या खिशात आहे. नातीला दाखवली नाही. जाळायलाही हात होईना.

बुधवार, १९ सप्टेंबर

मिसेस बेडोज पुलाखाली सापडली. चपला काठावर नीट जोडून ठेवल्या होत्या म्हणे.

सोमवार, २४ सप्टेंबर

इथल्या खुर्च्यांना स्प्रिंग आहे, माणूस उठला की आपोआप उभ्या होतात. दुपारचा खेळ रिकामा झाला. बाराव्या रांगेतली सातवी आडवीच. मी उभी केली. वळले, पुन्हा आडवी. गादी ओली, वास नदीच्या गाळाचा. छप्पर गळत असेल, असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

मग विल्फ जिन्यात भेटला. टोपी चुरगाळत होता. म्हणाला, गर्टी, तू एकदा आठवून बघ ना. हा असा पाय, पन्नाशी उलटली, मला कोण ठेवील? मी म्हटलं, मी दिली होती, विल्फ. त्याच्या तोंडावर म्हटलं. आणि तो मलाच म्हणाला, बरं, असेल, माझंच डोकं ठिकाणावर नसतं हल्ली.

बुधवार, २६ सप्टेंबर

ती आहे. बॅटरी मारली नि दिसली. अख्खं थिएटर पडद्याकडे बघतं, ती डाव्या भिंतीकडे. नाव उमटण्याची वाट बघते. आज पंधराव्या रांगेत होती. मी विसाव्या रांगेमागे उभी असते.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

अठरावी रांग. केसांतून पाणी गळतं, टप टप ऐकू येतं. कुणी मागे वळून बघत नाही —

लव्हलॉकसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, मिसेस पाल्फ्री, न वाचता येणारी बाई मी या कामावर ठेवली हे बाहेर कळलं, तर माझं काय? ट्रँटर जातोय, तो जाऊ दे. आणि मला हायसं वाटलं. देवा, मला हायसं वाटलं. त्या मायलेकांसाठी रडू आलं नाही, वाचता येत नाही याची लाज मात्र —

शनिवार, २९ सप्टेंबर

दुपारचा खेळ. दाराजवळच्या माझ्या खुर्चीत बसलेय, बॅटरी वहीवर. शेजारी ती. माझ्या खिशात हात घालून चिठ्ठी तिनेच काढली, माझ्या मांडीवर ठेवली. म्हणते, वाच. म्हटलं, येत नाही गं बाई मला. म्हणते, मला वेळ आहे, एकेक अक्षर घेऊ.

अक्षरांवर तिचं गार बोट. फिरेल तसं उतरवते —

मिसेस बेडोज. लगेच घरी या. क्लाइव्ह भाजलाय. तुम्हाला हाका मारतोय.

एवढंच होतं. एवढंसंच.

दिवे लागले. विल्फ जिना उतरतोय, हातात पिशवी. सगळ्यांसमोर सांगते आता —

तोंड उघडलं तर शब्दाऐवजी पाणी. गढूळ. थांबत नाही —

हे पान फाडून त्याच्या हातात — तो दाराशी पोचला, पाठमोरा — विल्फ, वळ, इकडे ब